रस्त्यावरील मृत्यूची चौकशी कोण करणार?

२०१९ च्या जुलै महिन्यातील एका शुक्रवारी रात्री दौंड तालुक्यातील यवत गावचे नऊ तरुण रायगडकडील सहल आटोपून घरी परतत होते. पुणे शहर मागे पडले होते, हडपसर मागे पडले होते. पुढे लोणी काळभोर, उरुळी कांचन आणि मग यवत. घर जेमतेम अर्ध्या तासावर आले होते. मध्यरात्र उलटल्यानंतर लोणी काळभोरजवळ कदमवाकवस्ती येथे त्यांची मोटार दुभाजक ओलांडून पलीकडच्या बाजूला गेली आणि समोरून येणाऱ्या मालमोटारीवर आदळली. नऊपैकी एकही वाचला नाही. सगळी विशीच्या आतबाहेरची, शिकणारी मुले. दुसऱ्या दिवशी एका गावातून नऊ अंत्ययात्रा निघाल्या. ज्या गावाने पालखीच्या मुक्कामी हजारो वारकऱ्यांची पाने वाढली, त्या गावात त्या दिवशी चूल पेटली नसेल.

या घटनेची बातमी सर्वत्र छापून आली आणि नेहमीप्रमाणे एका वाक्यात तिचे कारणही सांगून झाले : भरधाव मोटारीवरील चालकाचा ताबा सुटला. वाक्य खोटे नव्हते; पण ते अपुरे होते. ताबा का सुटला? सुटलेली मोटार दुभाजकाने अडवली का नाही? तेथे प्रकाश किती होता? त्याच ठिकाणी, त्याच प्रकाराने पूर्वी कोणी दगावले होते काय? आणि दगावले असेल तर त्यानंतर तेथे काय सुधारणा झाली? हे प्रश्न ज्याने विचारावयाचे असा अधिकारी आपल्या व्यवस्थेत नेमका कोण, याचे उत्तर सहजासहजी मिळत नाही. रस्ता सुरक्षेविषयी दर वर्षी सप्ताह साजरे होतात, फलक लागतात, विद्यार्थ्यांच्या प्रभातफेऱ्या निघतात. परंतु मृत्यूचे कारण शोधण्याची जबाबदारी कोणाची, हा मूळ प्रश्न तसाच राहतो.

रुळावरचा न्याय

याच दौंड तालुक्यात या प्रश्नाचे एक उत्तर गेली कित्येक दशके डोळ्यांसमोर आहे. दौंड हे रेल्वेचे गाव. सोलापूरकडे, मनमाडकडे आणि बारामतीकडे येथून रूळ फुटतात. रेल्वेत नोकरी करणारी माणसे येथे घरोघरी आढळतील. त्यांपैकी कोणालाही विचारावे : प्रवासी गाडीला गंभीर अपघात होऊन माणसे दगावली तर पुढे काय होते? तो सांगेल की, रेल्वे सुरक्षा आयुक्तांची चौकशी लागते. रूळ तपासला जातो, सिग्नल तपासला जातो, गाडीची चाके आणि ब्रेक तपासले जातात, चालकाच्या कामाचे तास मोजले जातात, साक्षी होतात आणि कारणांसह अहवाल तयार होतो.

यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, हा आयुक्त रेल्वे मंडळाच्या हाताखालचा नाही. ज्याने रूळ टाकला त्यानेच रुळाचा न्याय करू नये, हे तत्त्व ओळखून १९४१ साली ही तपासणी यंत्रणा रेल्वे मंडळापासून वेगळी करण्यात आली आणि आज ती नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. चालकाची चूक निघाली तरी चौकशी तेथे थांबत नाही. ती चूक घडू शकली कशी, आणि पुन्हा घडू नये म्हणून कोणता उपाय करावा, हे सांगितल्याशिवाय अहवाल पुरा होत नाही.

आता रुळापासून काही मैलांवर असलेल्या पुणे–सोलापूर महामार्गावर यावे. तेथे माणूस दगावला की पोलिस ठाण्यात गुन्हा नोंदवला जातो. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४ अ खाली नोंदवला जाई. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली नोंदवला जातो. कलमाचा आकडा बदलला, दृष्टी बदलली नाही. हयगयीने व अविचाराने वाहन चालवणाऱ्या इसमाचा शोध, हाच या तपासाचा आरंभ आणि हाच शेवट. आरोपी सापडला की काम संपले. पुष्कळदा तर आरोपी आणि मृत एकच असतात. मग कागद लवकर मिटतो. रस्त्याची साक्ष काढण्याची प्रथाच नाही. एकाच तालुक्यात, एकाच आकाशाखाली, रुळावर दगावलेल्या माणसाला एक न्याय आणि डांबरावर दगावलेल्याला दुसरा, असा हा प्रकार आहे.

दोन रस्ते, दोन तालुके

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते आणि दोहोंचे दैव दोन मोठ्या रस्त्यांशी बांधलेले आहे. पुणे–नगर रस्ता शिक्रापूर, रांजणगाव, कारेगाव या गावांच्या पोटातून शिरूरकडे, जुन्या लोकांच्या घोडनदीकडे जातो. पुणे–सोलापूर रस्ता यवत, चौफुला, वरवंड, पाटस, कुरकुंभ असा दौंड तालुका आडवा ओलांडतो. एकेकाळी हे रस्ते बाजाराचे, एस.टी.चे आणि बैलगाडीचे होते. गेल्या तीन दशकांत त्यांचे रूप पालटले. रांजणगावला औद्योगिक वसाहत झाली, कुरकुंभला रासायनिक कारखाने आले. चाकणची अवजड वाहतूक शिक्रापूरच्या चौकात नगर रस्त्याला येऊन भिडू लागली. पाटस, न्हावरे, आलेगाव येथील साखर कारखान्यांचा ऊस याच वाटांनी जाऊ लागला. अष्टविनायकांपैकी रांजणगावचा महागणपती शिरूर तालुक्यात, तर सिद्धटेक दौंडच्या सीमेपलीकडे. त्यामुळे यात्रेकरूंच्या मोटारी बारमाही. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी यवत आणि वरवंड येथे मुक्काम करते, तेव्हा हाच महामार्ग पायी चालणाऱ्यांनी भरून जातो.

तात्पर्य, वीस टन माल घेऊन हैदराबादकडे धावणारा कंटेनर, कामाची पाळी सुटल्यावर दुचाकीवरून खोलीकडे निघालेला कामगार, दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर, शाळेतून घरी जाणारी मुले आणि शेळ्या वळवणारी म्हातारी, या सर्वांना एकच डांबरी पट्टा पुरवावा लागतो. इतक्या भिन्न वेगांची आणि भिन्न वजनांची वर्दळ एकत्र आली की त्यांच्यातील टक्कर हा योगायोग राहत नाही.

येथे अपघातांच्या बदलत्या स्वरूपाकडे लक्ष वेधले पाहिजे. रस्ते अरुंद होते तेव्हा समोरासमोरची धडक हे मुख्य भय होते. रस्ते टप्प्याटप्प्याने चौपदरी झाले, मध्ये दुभाजक आला, आणि आता हे भय सरले असे सर्वांनी मानले. परंतु भय सरले नाही, त्याने रूप बदलले. वेग वाढला आणि दुभाजक त्या वेगाला पुरा पडेना. २०२२ च्या जानेवारीत शिक्रापूरजवळ दुभाजक ओलांडून आलेल्या मालमोटारीने पाच जणांचा बळी घेतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रांजणगावजवळ उलट दिशेने आलेल्या कंटेनरवर मोटार आदळून एकाच कुटुंबातील माणसे मृत्युमुखी पडली. २०१९ मध्ये कदमवाकवस्ती, २०२२ मध्ये शिक्रापूर आणि रांजणगाव. ठिकाणे वेगळी, वाहने वेगळी. पण तिन्ही घटनांत ज्या दिशेला जे वाहन असावयास नको होते त्या दिशेला ते होते. चौपदरी रस्त्याने जे अशक्य करावयाचे, तेच घडले.

उलट दिशेचा उगम

उलट दिशेने वाहन हाकणे हा गुन्हा आहे आणि त्याचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु तो इतक्या सर्रास का घडतो, हे पाहिल्याखेरीज तो थांबणारही नाही. महामार्ग गावाच्या मधून गेला की गावाचे दोन तुकडे होतात. घर एका बाजूला राहते. शेत, शाळा, दवाखाना किंवा कारखान्याचे फाटक दुसऱ्या बाजूला. अधिकृत वळण दूर असते, सेवारस्ता कोठे सुरू होतो, कोठे मध्येच संपतो. कामावर हजेरी लावण्याची घाई असलेला कामगार वळसा घालीत नाही. तो कडेकडेने उलटा येतो. गावकरी दुभाजक फोडून वाट काढतात, ढाबेवाला आपल्या दारासमोर खिंड पाडून घेतो. काही दिवसांनी ती खिंड हाच रूढ रस्ता होतो. मग एखाद्या संध्याकाळी त्या खिंडीतून दुचाकी बाहेर पडते आणि मागून येणाऱ्या वाहनाला ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

गणित साधे आहे. तासाला ९० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात २५ मीटर पुढे जाते. चालकाच्या डोळ्यांना धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत निदान तो सेकंद जातोच. वाहन थांबण्याचे अंतर त्यापुढचे. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती दुप्पट नव्हे, चौपट होते. या हिशेबात क्षमेला जागा नाही. म्हणून जेथे माणसे रस्ता ओलांडणार हे ठाऊक आहे तेथे एकतर वाहनांचा वेग उतरवावा लागतो, नाहीतर माणसांना वरून किंवा खालून वाट द्यावी लागते. रुळांनी दुभागलेल्या दौंड शहराला हे नव्याने सांगण्याची गरज नाही. तेथे कुरकुंभ मोरीवाचून गावाचे पान हलत नाही. रूळ गावातून गेला तर मोरी लागते, पूल लागतो, हे सर्वांना मान्य असते. महामार्ग गावातून गेला की मात्र माणसांनी आपापला जीव सांभाळून ओलांडावा, अशी अपेक्षा केली जाते.

गळीत हंगामात यात आणखी भर पडते. दिवाळीच्या सुमारास कारखाने पेटतात आणि वसंत ऋतू संपेपर्यंत उसाची वाहने रात्रंदिवस धावतात. मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी धुळीने माखलेली, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, अशी ट्रॉली अंधारात रस्त्याच्या कडेला बंद पडून उभी असते. मागून येणाऱ्याला ती दिसत नाही. हंगामाच्या आरंभी कारखान्यांच्या आवारात परावर्तक लावण्याचे कार्यक्रम होतात, छायाचित्रे निघतात. हे चांगलेच आहे. परंतु जानेवारीत त्या पट्ट्या जागेवर आहेत काय, हे पाहणारा कोणी हवा. मागचा दिवा असल्याखेरीज वाहनाला कारखान्याच्या काट्यावर घ्यावयाचे नाही, असा एक साधा नियम कारखान्यांनी पाळला तर पोलिसांच्या शंभर नाकेबंद्यांचे काम होईल.

शिस्तीचा मुद्दा

या सर्वावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, व तो सुशिक्षितांकडूनच अधिक घेतला जातो. रस्ता काय करील, आपल्या लोकांना शिस्तच नाही, असे म्हटले जाते. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत महाराष्ट्रातील १५,२२४ होती. यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंच्या नोंदीत अतिवेग हे कारण लिहिलेले आहे. हेल्मेट न घातलेले पन्नास हजारांहून अधिक दुचाकीस्वार व त्यांचे सहप्रवासी त्या एका वर्षात गेले. ज्या बापाने मुलाला महाविद्यालयात जाण्यासाठी दुचाकी घेऊन दिली आणि तिच्या किमतीच्या मानाने नगण्य असे हेल्मेट घेऊन दिले नाही, त्याने सरकारला दोष देण्यापूर्वी स्वतःकडे पाहिले पाहिजे. यवतच्या नऊ मुलांची आठवण काढताना वेगाच्या मोहाविषयी मौन पाळणे हीही त्यांच्या मागे उरलेल्या मित्रांची फसवणूक ठरेल.

परंतु त्याच आकडेवारीत आणखीही काही आहे. त्या वर्षीच्या मृतांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे होते आणि जवळजवळ २० टक्के पायी चालणारे. एकूण मृत्यूंपैकी ६८ टक्के मृत्यू ग्रामीण भागात झाले. दिवसातील सर्वाधिक अपघात संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात झाले. म्हणजे मरणारा बहुधा मोटारीतला लांबचा प्रवासी नाही. तो रस्त्याच्या कडेला राहणारा, दिवेलागणीला कामावरून, बाजारातून, शिकवणीहून घरी परतणारा माणूस आहे. नगर रस्त्यावरील कामगाराचे आणि सोलापूर रस्त्यावरील विद्यार्थ्याचे वर्णन या आकड्यांशी तंतोतंत जुळते. रस्ता बांधताना हिशेब धरला गेला तो जाणाऱ्याचा. राहणाऱ्याचा धरलाच नाही.

आणि शिस्त आभाळातून पडत नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसे दगावली. त्यानंतर तेथे मृत्यूंची ठिकाणवार कारणमीमांसा करण्यात आली, कठडे आणि खांब सुरक्षित करण्यात आले, उभ्या वाहनांवर आणि वेगावर लक्ष ठेवण्यात आले, जखमींना उचलण्याची व्यवस्था सुधारण्यात आली. २०१९ साली तो आकडा ९२ वर आला. तामिळनाडूत २०१६ साली १७,२१८ मृत्यू झाले होते. रस्ते, पोलिस, परिवहन आणि आरोग्य या खात्यांनी एकत्र काम केल्यावर २०१९ मध्ये ते १०,५२५ झाले. तीन वर्षांत मराठी किंवा तमिळ माणसाचा स्वभाव पालटला असे कोणी म्हणणार नाही. पालटली ती व्यवस्था. माणूस चुकणार हे गृहीत धरून त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये अशी रस्त्याची रचना करावी, हे तत्त्व स्वीडनच्या संसदेने १९९७ साली स्वीकारले. ते त्या थंड देशापुरते नाही, हे या दोन उदाहरणांनी भारतातच सिद्ध केले.

कायदा आहे, कर्ता नाही

कायद्याची उणीव आहे असेही नाही. ज्या ५०० मीटरच्या टापूत तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, अथवा दहा माणसे दगावली, तो टापू अपघातप्रवण स्थळ मानावा, अशी केंद्राची व्याख्या आहे. २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यातील कलम १९८ अ नुसार, रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न ठेवल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले तर संबंधित यंत्रणेला व ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कोइमतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिलेल्या आदेशात जिल्हा रस्ता सुरक्षा समित्या, रस्त्यांचे सुरक्षा परीक्षण, अपघातप्रवण स्थळांचे निर्मूलन या सर्वांचा उल्लेख आहे. अपघाताच्या ठिकाणाची नोंद पोलिसांनी जागेवरूनच करावी यासाठी देशभर एकात्मिक माहिती प्रणाली सुरू झाली आहे.

मग अडते कोठे? ते जबाबदारीच्या वाटणीत अडते. शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर, यवत, दौंड ही ठाणी पुणे ग्रामीण पोलिसांकडे. पण त्याच रस्त्यांवरील लोणीकंद आणि लोणी काळभोर पुणे शहर आयुक्तालयाकडे. शिरूरच्या वाहनांचे परिवहन कार्यालय पुण्यात, दौंडचे बारामतीत. एक रस्ता एका यंत्रणेचा, त्याला मिळणारा फाटा दुसऱ्या यंत्रणेचा, कडेचे अतिक्रमण तिसऱ्याच्या अखत्यारीत आणि दिव्याचा खांब ग्रामपंचायतीच्या गळ्यात. प्रत्येकाचे काम नियमाप्रमाणे चालू असते आणि माणूस मात्र या सर्वांच्या सीमारेषेवर मरतो. तसेच, अपघातप्रवण स्थळाची व्याख्या पुरी होण्यासाठी पाच अपघात व्हावे लागतात, यातील क्रौर्य लक्षात घेतले पाहिजे. पहिल्या मृत्यूतच जे दिसले असते ते कळण्यासाठी पाचव्याची वाट पाहिली जाते.

म्हणून मागणी करावयाची ती नव्या कायद्याची नव्हे, एका नव्या शिस्तीची. आणि ती शिस्त प्रशासनाची. शिरूर व दौंड तालुक्यांत रस्त्यावर झालेल्या प्रत्येक मृत्यूनंतर तीस दिवसांच्या आत त्या जागेची संयुक्त पाहणी झाली पाहिजे. पोलिस अधिकारी, रस्त्याचा अभियंता, मोटार वाहन निरीक्षक आणि शासकीय रुग्णालयाचा वैद्यकीय अधिकारी यांनी एकत्र उभे राहून काही मोजक्या प्रश्नांची उत्तरे लिहावीत. येथे पूर्वी कोणी दगावले होते काय? वाहनाचा वेग कशाने उतरला असता? प्रकाश, खुणा, दुभाजक, कठडा जागेवर होते काय? जखमीला रुग्णालयात पोहोचण्यास किती वेळ लागला? आणि काय करावयाचे, कोणी, कोणत्या तारखेपर्यंत? ही पाहणी जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात व्हावी, म्हणजे ज्याचा रस्ता त्याच्याच हाती निवाडा राहणार नाही. आणि तो कागद तहसील कचेरीच्या व त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. गुन्ह्याचा तपास त्याच्या मार्गाने चालू राहील. ही चौकशी शिक्षेसाठी नाही, पुढचा मृत्यू टाळण्यासाठी आहे. तिला खर्च जवळजवळ नाही. लागते ती लाज आणि चिकाटी.

जखमीला पोहोचण्याच्या वेळेचा प्रश्न या यादीत मुद्दाम घातला पाहिजे. १०८ ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे. मदत करणाऱ्याला पोलिसांनी अडकवू नये, हे कायद्याने मान्य केले आहे. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळू शकतात. तरीही रस्त्यावर पडलेल्या माणसाभोवती गर्दी जमते आणि हात कोणी लावीत नाही, कारण या गोष्टी गर्दीला ठाऊक नसतात. येथे शाळा-महाविद्यालयांना खरे काम आहे. प्रभातफेरीतील घोषणांपेक्षा रक्तस्राव थांबवण्याचा एक तासाचा पाठ अधिक जीव वाचवील.

वरचा रस्ता आणि खालचा रस्ता

हा विषय आजच मांडण्याला आणखी एक कारण आहे. पुणे–शिरूर आणि हडपसर–यवत या दोन्ही टापूंत उन्नत मार्ग उभारण्याच्या योजना राज्य शासनाने मंजूर केल्या आहेत. खर्च हजारो कोटी रुपयांच्या घरातला आहे. वाहतुकीची कोंडी पाहता त्यांचे स्वागत होणे स्वाभाविक आहे, आणि लांबच्या वाहतुकीला वेगळी वाट मिळाली तर खालचा ताण हलका होईल हेही खरे. परंतु वरचा रस्ता जाणाऱ्यांचा असेल. खाली राहणारे खालीच राहतील. कामगाराची दुचाकी, उसाची ट्रॉली, शाळेची मुले आणि वारीची पावले वरून जाणार नाहीत. शिवाय खांब उभे राहीपर्यंतची वर्षे अधिकच जोखमीची असतील : अरुंद झालेली वाट, तात्पुरती वळणे, रात्रीच्या अंधारात उभी यंत्रे. या काळासाठी सुरक्षेची तरतूद ठेक्याच्या कागदात स्पष्ट लिहिलेली असावी. तसेच खालच्या रस्त्यावरील ओलांडण्याच्या जागा, सलग सेवारस्ते, दिवे आणि पादचारी मार्ग हे काम वरच्या रस्त्याच्या आधी, निदान त्याच्याबरोबर, पुरे व्हावे. हजारो कोटींतून यासाठी लागणारा वाटा अल्प असेल. तो आज मागितला नाही तर उद्घाटनानंतर कोणी देणार नाही.

हे मागावयाचे कोणी? शिक्षकांनी, कारण वर्गातील रिकामा बाक प्रथम त्यांना दिसतो. कचेऱ्यांतील कर्मचाऱ्यांनी, कारण कागद कोठे अडतो हे त्यांच्याइतके कोणाला कळत नाही. विद्यार्थ्यांनी, कारण मृतांच्या यादीत वय त्यांचेच आहे. ग्रामसभेत एक ठराव, माहितीच्या अधिकारात एक अर्ज, तहसील कचेरीत एक तारीख, इतक्यापासून आरंभ होऊ शकतो.

कदमवाकवस्तीच्या त्या जागेवरून आजही यवतची माणसे रोज ये-जा करतात. पुण्याला शिकण्यासाठी, कामासाठी, दवाखान्यासाठी. त्या नऊ जणांच्या धाकट्या भावंडांची वये आता तेवढीच झाली असतील. आईवडील त्यांना सावकाश जा म्हणून सांगत असतील, आणि ते सांगणे योग्यच आहे. परंतु नऊ मुले गेल्यानंतरही त्या घरांना सावकाश जा यापलीकडे सांगण्यासारखे काही उरू नये, ही गोष्ट कोणत्याही शासनाला आणि कोणत्याही समाजाला शोभणारी नाही.